न पाहिलेल्या लाटेचा हिशेब

१८८२ च्या जूनमध्ये मुंबईवर चक्रीवादळ आदळले आणि लाखभर माणसे दगावली, असे आपत्तींच्या अनेक याद्यांत आजही छापलेले सापडते. कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांचे सहकारी यांनी या वादळाचा माग काढला. या सहकाऱ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले संशोधकही होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाने सांगितले की असे वादळ झालेच नव्हते. कुणीतरी लिहिलेले पुढच्याने उतरवून घेतले, आणि आकडा रुळला.

इतिहासाच्या पुस्तकात ही एक दुरुस्ती ठरेल. मुंबईपासून दूर समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्म उभारणाऱ्या इंजिनियरसाठी मात्र ती फार महत्त्वाची आहे. शे-सव्वाशे वर्षांच्या यादीत एक खोटे महावादळ शिरले, तर त्यावरून काढलेला वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज फुगतो. एक खरे वादळ नोंदीतून निसटले, तर तोच अंदाज घसरतो. आणि घसरलेल्या अंदाजावर उभ्या राहिलेल्या लोखंडावर माणसे राहतात, काम करतात.

जहाज असो, प्लॅटफॉर्म असो, समुद्रातली पवनचक्की असो की बंदराचे ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध), आराखडा करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न एकच असतो: या रचनेच्या आयुष्यात वारा, लाटा आणि प्रवाह मिळून जास्तीत जास्त किती भार टाकतील? गंमत अशी की हा भार बहुधा कुणी पाहिलेलाच नसतो. तो मोजायचा नसून, मोजलेल्या लहान भारांवरून ओळखायचा असतो. या ओळखण्याचे शास्त्र गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ धारदार झाले आहे. तरी त्याची मजल मोजमापे किती वर्षांची आणि किती खरी आहेत, यापलीकडे जात नाही. म्हणून अंदाज चुकला तर काय होईल, याचे उत्तर ज्या आराखड्यात आधीच असते, तोच चांगला. या प्रश्नाच्या सर्व बाजू पाहिल्या की याच मुद्द्यावर येऊन थांबावे लागते.

एका वादळातल्या लाटा

खवळलेल्या समुद्रात एक लाट दुसरीसारखी नसते. मग समुद्र 'किती खवळला' हे एका आकड्यात सांगायचे कसे? दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज हवा होता. त्या कामातून हॅराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी लक्षणीय लाट-उंची ही कल्पना रूढ केली. ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटा घ्यायच्या आणि त्यांच्या उंचीची सरासरी काढायची. मुरलेला खलाशी नजरेने जी उंची सांगतो, ती साधारण हीच असते.

१९५२ मध्ये मायकेल लाँगे-हिगिन्स यांनी पुढचे पाऊल टाकले. लाटांच्या उंचीचे वाटप रेले वितरण या सांख्यिकी सूत्राने मांडता येते, हे त्यांनी दाखवले. त्यामुळे एका आकड्यावरून सर्वांत मोठ्या लाटेचा अंदाज करता येऊ लागला. तीन तासांच्या वादळात साधारण हजार लाटा येतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी लक्षणीय उंचीच्या सुमारे १.८६ पट निघते. म्हणजे लक्षणीय उंची १० मीटर असेल, तर १८ ते १९ मीटरची एखादी लाट अपवाद नाही, अपेक्षितच आहे.

१ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात ड्राउपनर प्लॅटफॉर्मवर खाली रोखलेल्या लेझर यंत्राने एक लाट टिपली. उंची २५.६ मीटर. सरासरी पाण्याच्या पातळीपासून तिचे शिखर १८.५ मीटर वर. त्या वेळची लक्षणीय उंची १२ मीटरच्या आसपास होती. खलाशांनी सांगितलेल्या राक्षसी लाटांच्या गोष्टी तोवर बऱ्याच जणांनी थापा म्हणून सोडून दिल्या होत्या. आता हाती नोंद आली.

या नोंदीकडे जरा बारकाईने पाहावे. लक्षणीय उंचीच्या दुपटीहून मोठी लाट म्हणजे राक्षसी लाट, अशी रूढ व्याख्या आहे. रेलेच्या सूत्राने अशी लाट दर तीन हजार लाटांमागे एक येते. वादळ आठ-दहा तास टिकले तर एवढ्या लाटा येऊनही जातात. ड्राउपनरच्या लाटेची उंची याच सूत्राने दहा हजारांत एक ठरते. दुर्मीळ खरी, पण चमत्कार नव्हे. शिखराची गोष्ट वेगळी. साध्या, रेषीय सिद्धांताने एवढे उंच शिखर वीस-पंचवीस कोटी लाटांत एकदा यावे. याचा अर्थ सिद्धांतच अपुरा आहे. खऱ्या लाटा शिखराशी टोकदार आणि तळाशी सपाट असतात. ही अरेषीयता हिशेबात घेतली की ते शिखर पुष्कळ शक्य कोटीत येते. प्लॅटफॉर्मच्या दृष्टीने महत्त्व शिखरालाच आहे, कारण डेकच्या पोटावर धडक देते ते शिखर.

अशा लाटा नेमक्या कशा घडतात यावर एकमत झालेले नाही. एकाच दिशेने चाललेल्या लाटांत एखादी शेजारच्यांची ऊर्जा ओढून वाढत जाते, ही बेंजामिन आणि फेअर यांनी १९६७ मध्ये दाखवलेली अस्थिरता अनेकांना पटते. खऱ्या समुद्रात लाटा अनेक दिशांनी येतात, तिथे ही यंत्रणा मंदावते, तेव्हा केवळ योगायोगाने एकत्र आलेल्या लाटा आणि टोकदार शिखरे एवढे कारण पुरते, असे दुसरा पक्ष म्हणतो. २०१९ मध्ये एडिंबरा इथल्या गोल जलकुंडात संशोधकांनी १२० अंशांच्या कोनात लाटांचे दोन संच एकमेकांवर सोडून ड्राउपनरसारखी लाट छोट्या प्रमाणात उभी केली. दोन समुद्र एकमेकांना छेदतात तेव्हा लाट फुटण्याची रीत बदलते आणि शिखर अधिक उंच जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

शंभर वर्षांचा अर्थ

एका वादळाचा हिशेब असा जमतो. पण कोणते वादळ धरायचे? इथे पुनरावर्तन काळ येतो, आणि सर्वांत मोठा गैरसमजही इथेच होतो. शंभर वर्षांची लाट शंभर वर्षांनी येते असे नाही. तिला ओलांडणारी लाट कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. २५ वर्षे वापरायच्या प्लॅटफॉर्मला त्या अवधीत तशी लाट गाठण्याची शक्यता सुमारे २२ टक्के निघते. पाचांत एक ही शक्यता कुणी नगण्य म्हणणार नाही.

या प्रश्नाला सार्वजनिक धोरणाचे रूप मिळाले ते नेदरलँड्समध्ये. १९५३ च्या फेब्रुवारीत, महिना उजाडताच, उत्तर समुद्राच्या उधाणाने तिथले बांध फोडले आणि १,८३६ माणसे गेली. हूक ऑफ हॉलंड इथे पाणी ३.८५ मीटरपर्यंत चढले होते. त्यानंतर नेमलेल्या डेल्टा समितीने गणिती डेव्हिड व्हान डान्टझिग यांना सोबत घेऊन दोन बाजू तोलल्या: बांध उंचावण्याचा खर्च आणि बांध फुटला तर होणारी हानी. मध्य हॉलंडसाठी दहा हजार वर्षांत एकदा ओलांडली जाईल अशी, पाच मीटरची पातळी ठरली. किती धोका पत्करायचा हे समुद्र सांगत नाही, ते समाजाने ठरवायचे असते, ही जाण या शास्त्रात तिथून पक्की झाली.

गणिताचा पाया त्याआधीच घातला गेला होता. रोनाल्ड फिशर आणि लिओनार्ड टिपेट यांनी १९२८ मध्ये दाखवले की मूळ आकड्यांचे वाटप कसेही असो, त्यांतल्या कमाल आकड्यांचे वाटप मोजक्या तीनच रूपांत मोडते. एमिल गुंबेल यांच्या १९५८ च्या ग्रंथाने हे शास्त्र पूर आणि वारे मोजणाऱ्या इंजिनियरांच्या हाती दिले. आज मुख्य वाटा दोन आहेत. एक, दर वर्षाची कमाल लाट घ्यायची. दोन, ठरावीक उंबरठ्यावरचे प्रत्येक वादळ घ्यायचे. पहिल्या वाटेत पुष्कळ माहिती वाया जाते. दुसरीत उंबरठा कुठे धरायचा यावर उत्तर हलते. तेच आकडे दोन जाणत्यांना दिले तर शंभर वर्षांच्या लाटेची दोन उत्तरे येतात, आणि दोन्ही बरोबर पद्धतीने काढलेली असतात.

ढोबळ संकेत असा आहे की नोंद जितक्या वर्षांची, त्याच्या तीन-चार पटींपलीकडे अंदाज ताणू नये. तीस वर्षांच्या नोंदीवरून शंभर वर्षांचे बोलणे ठीक. दहा हजारांचे बोलताना गणित चालत राहते, पण आधार सुटलेला असतो.

आकडे येतात कुठून

लाटांची सर्वांत जुनी माहिती जहाजांवरच्या माणसांनी नजरेने केलेल्या नोंदींची. तिच्यात एक खोट आहे: शहाणा कप्तान वादळ टाळतो, त्यामुळे सर्वांत वाईट समुद्र त्या नोंदींत कमी दिसतो. मग तरंगते बोये आले. त्यांचे माप चांगले, पण ऐन तुफानात त्यांचे दोर तुटतात किंवा यंत्र बंद पडते. हवी असलेली नोंद नेमकी तेव्हाच हुकते. १९८५ पासून उपग्रहांवरचे उंचीमापक जगभरच्या लाटा मोजत आहेत. पण एकाच जागेवर उपग्रह दिवसाचे चोवीस तास नसतो, आणि वादळाचा गाभा त्याच्या दोन फेऱ्यांच्या मधून निसटू शकतो.

ही पोकळी भरतात हाइंडकास्ट, म्हणजे जुन्या हवामानावरून संगणकाने मागाहून पुन्हा रचलेला समुद्र. युरोपीय हवामान केंद्राचा 'एरा-५' हा संच १९४० पासूनचे तासातासाचे वारे आणि लाटा देतो. आज जगभर बहुतेक आराखडे अशाच संचांवर उभे आहेत. मध्य अक्षांशांतल्या मोठ्या वादळांसाठी ते उत्तम चालतात. चक्रीवादळांत मात्र सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीत वादळाचा घट्ट गाभा मावत नाही, आणि वारा कमी दाखवला जातो. म्हणून चक्रीवादळांच्या पट्ट्यात वेगळी युक्ती करावी लागते. हवामानाच्या नियमांनुसार संगणकात हजारो कृत्रिम वादळे जन्माला घालतात, त्यांना समुद्रावर फिरवतात आणि त्यांतून दुर्मीळ वादळांचा अंदाज घेतात. हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांच्या पद्धतीने हा मार्ग रुळला. सोबेल यांच्या मुंबईवरील अभ्यासातही अशी कृत्रिम वादळे वापरली होती.

नोंद तोकडी असली की काय होते, ते मेक्सिकोच्या आखाताने दाखवले. २००४ च्या आयव्हान वादळात तिथल्या एका बोयाने सुमारे १६ मीटर लक्षणीय उंची नोंदली आणि सात प्लॅटफॉर्म नष्ट झाले. पुढच्या वर्षी कतरिना आणि रिटा यांनी मिळून ११३ प्लॅटफॉर्म नष्ट केले. कतरिनात त्याच बोयाने जवळजवळ १७ मीटरची नोंद केली. पडलेल्यांत जुन्या नियमांनी बांधलेले बरेच होते. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने २००७ मध्ये आखाताचे भाग पाडून नवे आकडे जाहीर केले, आणि मधल्या भागाच्या लाटा बऱ्याच वाढवल्या. समुद्र दोन वर्षांत बदलला नव्हता. त्याच्याविषयीचा अंदाज बदलला होता.

लाटेपासून भारापर्यंत

लाटेची उंची कळली म्हणजे भार कळला, असे नाही. पायाच्या सडपातळ नळ्यांवर येणारा जोर काढायला १९५० चे मॉरिसन समीकरण आजही वापरतात. त्यात पाण्याच्या ओढीचा भाग वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. त्यामुळे लाटेच्या अंदाजात दहा टक्के चूक झाली की जोरात वीस टक्क्यांहून जास्त फरक पडू शकतो. पाणी डेकपर्यंत पोचले तर हिशेबच मोडतो, कारण तिथे नळ्यांऐवजी सपाट भिंतीच असतात आणि भार एकदम उसळी घेतो. म्हणून लाटेचे शिखर आणि डेकचा तळ यांत मोकळी जागा ठेवणे हा आराखड्यातला सर्वांत स्वस्त विमा आहे. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात तेल उपसल्याने समुद्राचा तळच खचला, ही जागा घटत गेली, आणि १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म सहा मीटर उचलावे लागले. लाट वाढली नव्हती, तरी धोका वाढला होता.

तरंगत्या प्लॅटफॉर्मांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. ३० डिसेंबर २०१५ रोजी उत्तर समुद्रात कॉसल इनोव्हेटर या तरंगत्या ड्रिलिंग रिगवर लाट आडवी येऊन धडकली, निवासी भागाच्या खिडक्या आत घुसल्या आणि एक कामगार ठार झाला. डेक किती उंच याचा विचार होता. लाट बाजूने भिंतीवर आदळेल याचा पुरेसा नव्हता. त्यानंतर जहाजे आणि रिग यांची मजबुती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या डीएनव्ही या वर्गीकरण संस्थेने अशा आडव्या आघातांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

शिवाय सर्वांत उंच लाट हीच सर्वांत घातक असेल असेही नाही. तरंगणाऱ्या वस्तूच्या झुलण्याची स्वतःची लय असते. मध्यम उंचीच्या पण त्याच लयीच्या लाटा तिला जास्त हलवतात. उंची आणि लाटांचा काळ यांचा एकत्र विचार करण्यासाठी नॉर्वेचे स्वेरे हावर आणि अमेरिकेतले स्टीव्हन विंटरस्टीन प्रभृतींनी १९९३ च्या सुमारास पर्यावरणीय सीमारेषांची पद्धत मांडली. शंभर वर्षांच्या धोक्याशी जुळणाऱ्या उंची-काळाच्या सगळ्या जोड्या एका वक्र रेषेवर मांडायच्या, मग त्या रेषेवर चालत जाऊन आपली रचना कुठे सर्वाधिक ताणली जाते ते शोधायचे. पद्धत सुटसुटीत आहे, जगभर रुळली आहे. पण ती रेषा काढायला उंची आणि काळ यांच्या नात्याचे जे गृहीतक धरावे लागते, तेच बदलले की रेषाही सरकते.

वारा, लाटा आणि प्रवाह एकाच वेळी टोकाला जात नाहीत, याचाही हिशेब असतो. शंभर वर्षांच्या लाटेबरोबर शंभर वर्षांचा प्रवाह धरणे अवाजवी ठरते, म्हणून दहा वर्षांचा प्रवाह धरण्याची प्रथा आहे. पण भाराचा हिशेब बरोबर असूनही रचना मोडू शकते, हे पोर्तुगालच्या सिनेश बंदरात १९७८ च्या फेब्रुवारीत दिसले. ११ मीटर लक्षणीय उंचीसाठी आखलेले ब्रेकवॉटर त्याहून कमी उंचीच्या वादळात कोसळले. त्यावर रचलेले ४२ टनी काँक्रीटचे ठोकळे हलले आणि आपल्याच वजनाच्या धक्क्यांनी मोडले. लाटेचा आकडा चुकला नव्हता. ती लाट झेलणाऱ्या काँक्रीटची ताकद चुकीची धरली होती.

जहाजांचा वेगळा हिशेब

प्लॅटफॉर्म एका जागी रोवलेला असतो, जहाज जगभर हिंडते. त्याच्या सांगाड्याला कावडीसारखे वाकावे लागते: लाटेचे शिखर मध्यावर आले की दोन्ही टोके खाली लोंबतात, शिखरे टोकांना आली की मध्य खचतो. एकोणिसाव्या शतकात जहाजाच्या लांबीइतकीच लांब आणि लांबीच्या विसाव्या हिश्शाइतकी उंच एक स्थिर लाट कल्पून हे वाकणे मोजत. १९५३ मध्ये सेंट डेनिस आणि पीअरसन यांनी अनियमित समुद्रात जहाज कसे हलते याचे सांख्यिकी गणित मांडले, आणि हा विषय नव्या पायावर आला.

आज मोठ्या जहाजांचे नियम उत्तर अटलांटिकच्या समुद्रावर बेतलेले असतात, कारण जहाज त्याहून वाईट ठिकाणी सहसा जात नाही. २५ वर्षांत जहाजाला सुमारे दहा कोटी लाटा भेटतात. त्या दहा कोटींत एकदा येईल असा भार नियमांत धरतात. वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये लाटांचा हा तक्ता बदलला. नजरेच्या जुन्या नोंदींऐवजी हाइंडकास्ट आणि जहाजांच्या स्वयंचलित ओळख-यंत्रणेतून मिळालेले खरे मार्ग एकत्र केले. यात वादळ टाळणाऱ्या कप्तानांचा शहाणपणा आपोआप मोजला गेला.

त्यावर वाद आहे. जहाजे जिथे खरोखर जातात तिथलेच भार धरणे वास्तवाला धरून आहे, पोलादही वाचते, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू विचारते, इंजिन बंद पडले किंवा अंदाज चुकला त्या दिवशी हा शहाणपणा कुठून आणणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण माणसाच्या सावधगिरीला पोलादाच्या जाडीतून वजा करायचे असेल, तर ती सावधगिरी पुढेही तशीच राहील याची हमी कुणीतरी द्यायला हवी.

जहाजांच्या दोन अपघातांनी नियम बदलले. डर्बीशायर हे अवाढव्य मालवाहू जहाज ९ सप्टेंबर १९८० रोजी जपानच्या दक्षिणेला ऑर्किड वादळात ४४ जणांसह नाहीसे झाले. १९९४ मध्ये चार हजार मीटरहून खोल तळावर त्याचे अवशेष सापडले. २००० च्या चौकशी अहवालाने निष्कर्ष काढला की पुढचा भाग पाण्याने भरून नाक दबले, डेकवर पाण्याचे लोट चढले आणि मालाच्या कोठारांवरची पुढची हॅच-झाकणे एकामागून एक खचली. जहाजांच्या भाररेषांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ही झाकणे चौरस मीटरला १.७५ टन भारासाठी होती. तो आकडा कुठल्याही वादळाच्या अभ्यासातून आलेला नव्हता.

दुसरे जहाज आपल्या अरबी समुद्रातले. १७ जून २०१३ रोजी सिंगापूरहून जेद्दाकडे निघालेले एमओएल कम्फर्ट हे पाच वर्षांचे कंटेनर जहाज येमेनच्या किनाऱ्यापासून दूर ऐन पावसाळी समुद्रात मध्यावर दुभंगले. सर्व २६ खलाशी वाचले. मागचा अर्धा भाग दहा दिवसांनी बुडाला. पुढचा अर्धा तरंगत राहिला, पेटला आणि जुलैत बुडाला. तिथे ना चक्रीवादळ होते, ना विक्रमी लाट. तळाच्या पत्र्यावर खालून पाण्याचा दाब, जहाजाचे लांबीत वाकणे, कंटेनरांच्या वजनातली अनिश्चितता आणि लाटेच्या आघाताने उठलेली थरथर, हे सगळे एकमेकांत मिसळले. २०१५ मध्ये कंटेनर जहाजांसाठी नवे नियम आले. टोकाचा भार टोकाच्या वादळातूनच यावा लागत नाही, मध्यम कारणे जुळून आली तरी तो तयार होतो, हे या जहाजाने दाखवले.

अरबी समुद्रातले दोन समुद्र

आपल्या किनाऱ्यासाठी हा प्रश्न वेगळ्याच कारणाने अवघड आहे. इथे लाटांचे दोन कारखाने आहेत. दरवर्षी जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे महिनोन्‌महिने समुद्र खवळता ठेवतात. हे इतके नेमाचे आहे की कोळी बांधव होड्या ओढून ठेवतात. दुसरा कारखाना चक्रीवादळांचा: मोसमाच्या आधी आणि नंतर, अनियमित, पण एकेका वेळी फार जबर. नोंदीत दरवर्षीची कमाल लाट बहुधा मोसमाची असते. तीच आकडेवारी पुढे ताणली तर शंभर वर्षांची लाट मोसमाच्या स्वभावाची निघते, आणि चक्रीवादळाची लाट हिशेबातून सुटते. दोन्ही जातींच्या लाटा वेगळ्या मोजून मग शक्यता एकत्र करणे, हाच इथला रास्त मार्ग. किनाऱ्यालगत आणखी एक भर पडते. मुंबईला भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या घरात जातो, त्यामुळे वादळाचे उधाण भरतीला गाठते की ओहोटीला, यावर सगळे अवलंबून.

वादळांची चालही बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. शंभर वर्षांची लाट काढताना आपण गृहीत धरतो की उद्याचा समुद्र कालच्यासारखाच असेल. ते गृहीतक इथे डळमळले आहे. जुन्या चाळीस वर्षांची सरासरी पुढच्या चाळीस वर्षांना लावणे आता सोय आहे, शास्त्र नव्हे.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हाय क्षेत्रात, या सगळ्याचा कस लागतो. २७ जुलै २००५ रोजी पावसाळी समुद्रात एक सेवा-जहाज प्लॅटफॉर्मच्या नळीवर आदळले, आग लागली आणि प्लॅटफॉर्म नष्ट झाला. समुद्राने प्लॅटफॉर्म थेट मोडला नाही, जहाजाच्या हातून मोडवला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ ही निवासी बार्ज नांगर तुटून वाहत गेली आणि बुडाली. ती आणि वरप्रदा हा टग मिळून ८० हून अधिक माणसे गेली. अशा बार्ज शंभर वर्षांच्या वादळात उभ्या राहण्यासाठी नसतातच, इशारा मिळताच त्यांनी निघून जायचे असते. म्हणजे त्यांची सुरक्षितता पोलादात नसून अंदाज, निर्णय आणि वेळ यांत असते. भाराच्या कोष्टकात हे रकाने नसतात.

मोजणी करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खोल समुद्रात बोये ठेवले, हैदराबादची इन्कॉइस ही समुद्रविषयक माहिती-सेवा संस्था लाटांचे अंदाज देते, गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कोकण किनाऱ्यावर लाटा मोजते, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती तपासल्या जातात. पवईत मुख्यालय असलेले इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग २०१० पासून वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य आहे. आयआयटी मुंबईत एम. सी. देव यांनी लाटांच्या अंदाजासाठी न्यूरल नेटवर्क वापरण्याचे काम १९९० च्या दशकातच केले, आज जे जगभर चालले आहे त्याच्या कितीतरी आधी. या तंत्राने बोयाच्या नोंदीतल्या फटी भरता येतात, लांबलचक गणिते झटपट होतात. पण कधीच न आलेले वादळ त्याला शिकवता येत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

आपली सलग मोजलेली नोंद तीसेक वर्षांचीच आहे. डहाणूजवळ वाढवणला दहा किलोमीटरहून लांब ब्रेकवॉटर आणि गुजरात-तमिळनाडूच्या समुद्रात पवनचक्क्या होऊ घातल्या आहेत. त्यांचे आकडे याच नोंदीतून निघणार.

कोणत्या बाजूने उभे राहावे

हे सगळे पाहिल्यावर एक निवाडा देता येतो. शंभर वर्षांच्या लाटेचा एकच आकडा सांगणारा अहवाल, त्या आकड्याची अनिश्चितता सांगत नसेल, तर अपुरा आहे. नॉर्वेची रीत इथे अनुकरणीय वाटते. तिथे प्लॅटफॉर्मला दोन परीक्षा द्याव्या लागतात. शंभर वर्षांचा भार त्याने इजा न होता सोसायचा, आणि दहा हजार वर्षांच्या भारात त्याचे नुकसान झाले तरी चालेल, पण तो कोसळता कामा नये. दहा हजार वर्षांचा आकडा अचूक नाही हे तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे. त्याचा खरा उपयोग अंदाजाच्या पलीकडे काय होईल हे विचारायला भाग पाडण्यात आहे.

बाकी उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. बोये वर्षानुवर्षे चालू ठेवायचे, तुटले की लगेच बदलायचे. कंपन्यांनी आपल्या प्लॅटफॉर्मवर मोजलेले वारे आणि लाटा संशोधकांना खुल्या कराव्यात. जुन्या प्लॅटफॉर्मांचे भार दर दहा वर्षांनी नव्या नोंदींवर तपासावेत. यांतल्या कशालाही नवा शोध लागत नाही, फक्त सातत्य आणि थोडा पैसा लागतो.

किनाऱ्यावरच्या प्रकल्पांच्या जनसुनावण्या होतात, अहवाल लोकांपुढे ठेवले जातात. पुढच्या वेळी असा अहवाल हाती आला तर दोन प्रश्न जरूर विचारा: हा लाटेचा आकडा किती वर्षांच्या मोजमापावरून काढला, आणि त्याहून मोठी लाट आली तर आधी काय मोडेल? या दोन प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतील, तर ती मिळेपर्यंत संमती देऊ नका.